वडाला वडे लागले (१ एप्रिल, सोसायटीचा ग्रुप)

ए-१०४: सुप्रभात मंडळी 🙏 मागच्या गेटजवळच्या वडाला यंदा वडे लागलेत. पहिली तोडणी आज. नोंदणी सुरू. भाव डझनावर, चटणी वेगळी.

बी-३०२: माझी अर्धी पेटी लिहा. हिरव्या देठाचा माल नको, घसा धरतो.

ए-१०४: दादा, तो देठ नाही, मिरची आहे.

सी-२०१ (रत्नागिरीच्या काकू): फांद्या हलवून पाडू नका रे बाबांनो. आमच्याकडे हापूस झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने उतरवतात, थोडा देठ ठेवून. नाहीतर चीक उडतो आणि सालीवर डाग पडतात. मग पेंढ्याच्या अढीत घालायचा.

बी-३०२: इथे चिकाच्या जागी तेल. माझी गाडी त्याच झाडाखाली असते 😭

ए-५०१: काकू, अढीतून निघेपर्यंत वडा शिळा होईल ना?

सी-२०१: मग कटात बुडव. सगळं मीच सांगू का?

सी-४०३: नमस्कार, कालच राहायला आलो. स्टॉल नक्की कुठे आहे? दोन प्लेट हव्या होत्या.

ए-१०४: या या. मूळ कलम कर्जत स्टेशनवरचं आहे बरं का. फसू नका, हल्ली कुठलाही माल कर्जतच्या पेटीत घालून विकतात.

बी-३०२: हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, आपल्या वडाला कधी?

सेक्रेटरी: सर्व सभासदांना कळविण्यात येते की सामाईक जागेतील झाडाचे उत्पन्न सोसायटीचे आहे. मेंटेनन्स थकलेल्यांना वडा मिळणार नाही. फांदीला कोणी हात लावू नये. छाटायची तरी पालिकेची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे.

ए-५०१: साहेब, हे गमतीत लिहिलंय की खरं?

सेक्रेटरी: थकबाकीचं खरं आहे.

बी-२०४ (बाई, शाळेतल्या): वडाला फळं खरंच लागतात हं. लाल, बिनदेठाची, जोडीजोडीने. फुलं बाहेर दिसतच नाहीत, ती फळाच्या आत असतात. एक चिमुकला कीटक आत शिरतो तेव्हा परागण होतं.

ए-१०४: म्हणजे सारण आत, आवरण बाहेर. आणि प्लेटला दोन नग हा निसर्गनियमच! बाई, तुम्ही तर पुरावा दिलात 🙏

सी-४०३: पण कीटक असेल तर मला नको.

बी-१०२ (नाना): हसू नका त्यांना. १९५७ साली १ एप्रिललाच बीबीसीने स्वित्झर्लंडमधलं एक कुटुंब झाडावरून स्पॅगेटी तोडताना दाखवलं होतं. हिवाळा सौम्य गेला, कीडही पडली नाही, म्हणून म्हणे पीक दणक्यात! लोकांनी फोन करून विचारलं, आम्हाला हे झाड लावायचंय, कसं लावू? उत्तर मिळालं, टोमॅटो सॉसच्या डब्यात स्पॅगेटीची एक काडी खोचा आणि बघा नशीब.

ए-१०४: नाना, आम्ही पावात खोचलीय.

ए-५०१: एक मिनिट. वॉचमन काका झेला घेऊन वडाखाली उभे आहेत. खालची पोरंही ताटल्या घेऊन रांगेत. कोणी सांगितलं यांना?

सेक्रेटरी: मी. रांग नको का?

सी-२०१: पोरांना उन्हात उभं करू नका. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यात, बटाटे सोलायला दोघंजण वर या. आणि कढई कोणाची मोठी आहे?

सी-४०३: माझी. अजून खोक्यातच आहे, आणतो.