रेडिएटर वरून गार, गॅसचं बिल मात्र चढतंय

इंग्लंडमध्ये लीड्सला विटांच्या जुन्या टेरेस घरात, म्हणजे एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत, भाड्याने राहतो. कॉम्बी बॉयलर आहे, म्हणजे नळाचं गरम पाणी आणि खोल्या तापवणारे रेडिएटर दोन्ही गॅसच्या एकाच यंत्रावर. बैठकीतला रेडिएटर खाली तापतो, वर गारच. आई पुण्याहून आलीये, स्वेटरवर शाल पांघरून बसते आणि विचारते, "एवढे पैसे भरतोस ते जातात कुठे?" काय करू?

ब्रॅडफर्डच्या काकू:
वरून गार म्हणजे आत हवा अडकलीये. हीटिंग बंद करून रेडिएटर निवू दे. वरच्या टोकाचा स्क्रू किल्लीने जरासा सैल कर, खाली फडकं धर. फुसफुस थांबून पाणी आलं की लगेच आवळ. मग बॉयलरचा दाबाचा काटा बघ, गार असताना १ ते १.५ बार हवा. खालून गार असता तर गाळ समजायचा, ते काम घरमालकाचं.

आता बिल. रेडिएटरला जाणारं पाणी ७०-७५ अंशांवर असेल तर ६० वर आण. तुझा बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचा असेल, तर त्यात परतीचं पाणी साधारण ५५ च्या खाली असलं तरच धुरातल्या वाफेची उष्णता परत मिळते. घर तापायला वेळ लागेल, लागू दे. आणि पडदे रेडिएटरवर सोडू नकोस बाबा, सगळी ऊब खिडकीला जाते.

विदर्भवासी:
दाराखालच्या फटीत जुन्या चादरीची वळकटी लावा. भिंतीतल्या हवेच्या जाळ्या मात्र बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना?

प्रश्नकर्ता:
अलार्म आहे. हवा काढली, काटा ०.८ वर आला, म्हणून पाणी भरून दाब वाढवला. आईला गरम पाण्याची पिशवीही दिलीये.