रायटर मिळत नाहीये, पेपर १३ दिवसांवर, प्लीज मदत करा

तिसरं_पान:
पेपर १३ दिवसांवर आलेत आणि कॉलेज रायटर, म्हणजे मी सांगेन ते लिहिणारा लेखनिक, द्यायला तयार नाही. अर्ज देऊन महिना होत आला, आधी म्हणाले सर्टिफिकेट आणा, ते दिलं तर आता म्हणतात दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या खाली आहे, बसत नाही. परीक्षा विभागाला फोन केला तर ते म्हणतात कॉलेजचं पत्र येऊ दे, कॉलेज म्हणतं विद्यापीठाचा आदेश येऊ दे. कोणाला अनुभव असेल तर नेमकं काय करायचं ते सांगा, लवकर.

निळी_शाई:
सर्टिफिकेट कशाचं? डोळे, हात, की डिस्लेक्सिया? कोर्स कोणता? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

गच्चीवरचा_वारा:
रायटरच्या मागे लागूच नका. माझ्या मुलाने सगळे पेपर कॉम्प्युटरवर टाइप केले, केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांमध्ये तो पर्याय होता. दुसऱ्याच्या हातात आपलं वर्ष का द्यायचं?

तिसरं_पान:
सॉरी, घाईत राहिलं. उजवा हात. डॉक्टर डिस्टोनिया म्हणतात, लिहायला लागलं की बोटं आपोआप आत वळतात. पहिलं पान नीट जातं, दुसऱ्यावर पेन मुठीत धरावं लागतं, तिसऱ्यावर ओळी खाली घसरत जातात आणि मग मलाच वाचता येत नाही. बीएस्सी तिसरं वर्ष, गणित. सर्टिफिकेटवर ३० टक्के. @गच्चीवरचा_वारा, इंटिग्रल आणि मॅट्रिक्स तीन तासांत टाइप करून बघा हो एकदा.

सरावाची_वही:
डाव्या हाताने लिहायचा सराव केला का? मी फ्रॅक्चरमध्ये दीड महिन्यात शिकलो.

निळी_शाई:
१३ दिवस म्हणतेय ती. वर वाचा.

जुना_वकील:
ताई, हे नीट वाचा. विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग, सर्वोच्च न्यायालय, फेब्रुवारी २०२१. त्या उमेदवारालाही रायटर्स क्रॅम्प (लिहिताना हात आखडणं) होता, म्हणजे जवळपास तुमचंच दुखणं, आणि त्यालाही बेंचमार्कमध्ये, म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्वात, बसत नाही म्हणून लेखनिक नाकारला होता. कोर्टाने स्वच्छ सांगितलं की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० च्या खालच्यांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. त्यात होतं असं: लिहिता येत नाही असं सरकारी दवाखान्याच्या वैद्यकीय मंडळाने ठरलेल्या नमुन्यात लिहून द्यायचं, मंडळाचे प्रमुख सिव्हिल सर्जन किंवा त्या दर्जाचे अधिकारी. मग लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.

ऑफिसातला_माणूस:
वकीलसाहेब, कॉलेजवाले म्हणणार ते नोकरीच्या आणि प्रवेशाच्या परीक्षांसाठी आहे, आमच्या सेमिस्टरला लागू नाही. मी अशाच टेबलावर बसतो, हेच उत्तर जातं.

जुना_वकील:
म्हणून तर अर्जात आधी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १७ लिहायचं. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी परीक्षा पद्धतीत बदल, जादा वेळ, लेखनिक, सगळं त्यात आहे आणि तिथे ४० चा आकडा नाही. कोर्टाचा निकाल आणि केंद्राच्या सूचना त्याच्या खाली.

ऑफिसातला_माणूस:
हे मान्य. पण ताई, तोंडी काही करू नका. प्राचार्य आणि परीक्षा विभाग, दोघांना एकाच दिवशी एकच पत्र द्या आणि दोन्हीकडे आवक शिक्का मारून पोच घ्या. नकार देणार असाल तर लेखी द्या, हे वाक्य त्यात हवंच. लेखी नकारावर सही करायला सहसा कोणी धजत नाही. कॉलेजात समान संधी कक्ष असेल तर एक प्रत तिकडे.

आईची_काळजी:
माझ्या भाच्याला ४५ टक्के आहे, त्याला प्रवेशात आरक्षण मिळेल का?

निळी_शाई:
सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा, दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर. पण वेगळा धागा काढा ना, प्लीज.

तिसरं_पान:
माझं आधीचं सर्टिफिकेट चालणार नाही का? त्यावर फक्त टक्केवारी आहे, लिहिण्याबद्दल काहीच नाही.

जुना_वकील:
अडचण तिथेच आहे. टक्क्यांवरून हाताला काय जमत नाही ते कळत नाही. उद्याच सिव्हिलला जा, जुने रिपोर्ट न्या, आणि उत्तरपत्रिकेचं तिसरं पान दिसेल असं काहीतरी लिहून न्या.

कंस_पूर्ण:
मी रायटर घेऊन एमएस्सी केलं. पत्राच्या धावपळीत एक विसरू नका, रायटरबरोबर निदान दोन बैठका करा. गणितात 'एक्स अधिक एक भागिले दोन' म्हटलं की भागिले कुठपर्यंत ते त्याला कळत नाही. आम्ही ठरवलं होतं, कंस चालू, कंस पूर्ण, रेघ खाली. पहिल्या पेपरला हे न ठरवता गेले आणि १४ मार्कांचं गणित बरोबर सांगूनही चुकीचं उतरलं.

गच्चीवरचा_वारा:
म्हणूनच मी टायपिंग म्हणत होतो.

कंस_पूर्ण:
थिअरीच्या पेपरला मीही टायपिंगच केलं असतं. गणिताला नाही.

तिसरं_पान:
आज दोन्हीकडे पत्र दिलं, शिक्के मिळाले. 'लेखी द्या' वाचल्यावर क्लार्कने पत्र आत नेलं, पहिल्यांदाच. मंडळ गुरुवारी बसतं म्हणाले. @कंस_पूर्ण, मॅट्रिक्स कसे सांगायचात, ओळीने की स्तंभाने?

कंस_पूर्ण:
ओळीने. आणि प्रत्येक ओळ संपली की 'खाली' म्हणायचं.