युरोबीटच्या नव्या कंपायलेशनचे प्रिव्ह्यू ऐकले, रिफच कापलेत! तुमचं काय मत?

रिफवेडा:
नवख्यांसाठी, युरोबीट म्हणजे इटलीत बनणारं वेगवान नाचाचं संगीत, आणि रिफ म्हणजे त्यात परत परत येणारी सिंथची (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची) छोटी सुरावट. काल रात्री प्रिव्ह्यू आले, बारा गाणी, प्रत्येकाचा पाऊण मिनिटाचा तुकडा, मी हेडफोन लावून तीनदा ओळीने ऐकले आणि खरं सांगतो, जीव खट्टू झाला. बारापैकी अकरा तुकडे थेट कोरसवर सुरू होतात. अहो, युरोबीट म्हणजे आधी सिंथचा रिफ, मग कडवं, मग ती चढण, मग कोरस, आणि कोरस संपला रे संपला की तोच रिफ परत अंगावर येतो, त्या परत येण्यासाठी तर आपण थांबलेलो असतो. शिवाय कितीतरी गाण्यांत कोरसला पट्टी बदलते, गाणं एकदम वर उडी मारतं, पण आधीची पट्टी कानात बसलेलीच नसेल तर उडी कळणार कशी?

बाकी पहिलं मत असं, गाण्यांच्या क्रमांकाने: २ चांगलं. ४, ७ आणि ९ मध्ये गिटार इतकी पुढे आणलीय की सिंथ गुदमरतोय. ३ आणि ८ एकाच बाईंचा आवाज वाटतोय, नावं मात्र दोन. ६ बद्दल अजून ठरत नाहीये.

घाटातला_टोफू:
नाही पटलं. नाचायचं संगीत आहे हे, पाऊण मिनिटात पकडत नसेल तर पाच मिनिटांत पण पकडणार नाही. नॉनस्टॉप मिक्सच्या सीडी आठवा, एक गाणं पूर्ण व्हायच्या आत दुसरं अंगावर यायचं, कोणाची तक्रार होती का? मी युरोबीटला आलो तो १९९८ च्या इनिशियल डी या घाटातल्या गाड्यांच्या शर्यतींच्या जपानी ॲनिमेमुळे, त्यात शर्यत रंगात आली की गाणं सुरू आणि वरून इंजिनाचा आवाज, टायरचा आवाज, पोरांचे डायलॉग, म्हणजे गाणं अर्धंमुर्धंच ऐकू यायचं तरी दुसऱ्या दिवशी तोंडात तेच. माझ्यासाठी ७ सगळ्यात भारी. गिटार पुढे आहे म्हणून भारी.

रिफवेडा:
तोंडात काय होतं तुमच्या, कोरस का रिफ? आठवून सांगा.

घाटातला_टोफू:
...रिफ. पण तरी मुद्दा सोडत नाही, मला कोरसवरूनसुद्धा गाणं कळतं.

पोनदीकाठ:
आवाजाबद्दल थोडं बोलते कारण दर वेळी कोणीतरी हे "नावं दोन, बाई एकच" फसवणूक असल्यासारखं काढतं. ही रीतच आहे हो या संगीताची. उत्तर इटलीतले छोटे स्टुडिओ, मांतुआ, ब्रेशिया ही गावं, मोजके संगीतकार, मोजके गायक, आणि सगळा माल जपानसाठी, स्वतःच्या देशात त्यांना रेडिओवर कोणी विचारत नव्हतं. महिन्याला ढीगभर गाणी द्यायची तर माणूस तोच, नाव नवं. गायक डेव्ह रॉजर्स म्हणजे खरा जानकार्लो पास्क्विनी, एलेना फेर्रेत्तीने तर किती नावांनी गायलंय याची यादी करायला बसा. सुपर युरोबीट ही सीडींची मालिका १९९० ला सुरू होऊन २५० खंडांपर्यंत गेलं ते याच थोड्या लोकांच्या गळ्यावर आणि बोटांवर. तेव्हा ३ आणि ८ ला एकच बाई असतील तर मला आनंदच आहे, ८ मध्ये त्यांनी आवाज घशातून ओढलाय आणि ३ मध्ये अगदी हलका सोडलाय, ऐका परत.

रिफवेडा:
फसवणूक नाही म्हटलं ताई मी. पण हलका सोडलाय हे तुम्ही म्हणाल्यावर परत ऐकलं आणि बरोबर आहे तुमचं, माझ्या यादीत ३ ची जागा वर सरकली.

कावासाकीकर_मेघना:
इकडे जपानमध्ये सात वर्षं झाली, युरोबीटवरचा पारापारा नाच शिकले तो ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडून, ती शाळेत असताना २००० च्या आसपासच्या लाटेत शिकलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पाय फक्त डावी-उजवी, सगळा नाच हातांचा, आणि प्रत्येक गाण्याचे हात ठरलेले, कोणाच्याही मनाला येईल तसे नाहीत. आणि रिफचे हात हीच गाण्याची ओळख! शंभर माणसं रांगेत उभी, रिफ सुरू झाला की शंभरांचे हात एकदम वर जातात, कोणी कोणाला सांगितलेलं नसतं. त्यामुळे टोफूभाऊ, घाटात गाडी चालवणाऱ्याला कोरस पुरत असेल, नाचणारीला रिफशिवाय या प्रिव्ह्यूत काहीच मिळालं नाही, मी उभी राहिले, हात तयार ठेवले आणि सगळं मधूनच सुरू.

पण गिटारच्या बाबतीत मी टोफूभाऊंच्या बाजूने. ९ ला गिटार आणि सिंथ एकच ओळ एकत्र वाजवतायत, गुदमरत वगैरे काही नाही.

कॅसेटवाले_आबा:
मी तुमच्या सगळ्यांच्या विरुद्ध बोलणार. आमच्या कॉलेजात मॉडर्न टॉकिंग या जर्मन जोडीच्या कॅसेटा घासून घासून वाजल्या, तिथून इटालो डिस्को, हाय-एनर्जी असं जुनं नाचाचं संगीत, आणि युरोबीट त्यांच्याच पोटचं लेकरू. पण आईच्या घरात हवा होती. ढोल, बेस, आवाज, मधे मोकळी जागा. हे मिनिटाला १५०-१६० ठोक्यांनी धावतंय आणि प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी कोंबलंय. बाराच्या बारा मला एकच गाणं वाटलं. रिफ जोडून दिला तरी तेच वाटेल.

रिफवेडा:
आबा, आदराने सांगतो, हे पटणार नाही. वेग आहे म्हणून गर्दी असं नसतं. आमच्या गल्लीत गणपतीला बेंजो पार्टी यायची, त्यातला बेंजोवाला काय वेगात वाजवायचा, पण त्याने पहिली ओळ उचलली की कुठलं गाणं ते चौथ्या सुराला अख्ख्या चाळीला कळायचं. रिफचं काम तेच आहे, गर्दीत वाट दाखवायचं. तो कापला म्हणूनच तुम्हाला बारा गाणी एकसारखी वाटली, दोष गाण्यांचा नाही, कात्रीचा आहे.

कॅसेटवाले_आबा:
बेंजोचं उदाहरण चांगलं दिलंत, त्याला उत्तर नाही माझ्याकडे. पण मग ६ चं काय? त्याला तर रिफ ठेवलाय, सुरुवातीपासून आहे तो, आणि तेवढंच एक मी दोनदा ऐकलं. त्यात जागा पण आहे, कडव्याला ढोल जवळजवळ काढून टाकलाय.

घाटातला_टोफू:
६? ते तर सगळ्यात संथ आहे, मी दहा सेकंदांत पुढे ढकललं.

रिफवेडा:
थांबा थांबा. मगाशी लिहिलं ना ६ बद्दल ठरत नाहीये, आत्ता कळलं का. अकरा गाण्यांना मी मनातल्या मनात रिफ लावून ऐकत होतो आणि त्या मनातल्या रिफशी तुलना करत होतो, हे एकच जसं आहे तसं कानावर आलं. टोफूभाऊ, २० सेकंदांपर्यंत थांबा, ढोल परत येतो तिथे रिफची शेवटची नोट अर्ध्या ठोक्याने लांबवलीय. मेघनाताई, त्या लांबवलेल्या नोटेला हात कुठे न्यायचे?

कावासाकीकर_मेघना:
आत्ता लोकलमध्ये आहे, उभी आहे, हात पण करता येत नाहीत. घरी जाऊन बघते. बहुतेक डोक्यावरून उजवीकडे आणि तिथेच धरून ठेवायचे.