हुकवाली व्हॅन चालवतानाचे दिवस

बंद पडलेल्या गाड्या ओढून नेण्याच्या कामाबद्दल कुणीतरी लिहिलंय की फ्लॅटबेड (अख्खी गाडी पाठीवर चढवून नेणारा सपाट ट्रक) आल्यापासून या कामातली गंमत गेली. मी सहा वर्षं हुकवाली व्हॅन चालवली, तेव्हा थोडं मान्य, थोडं नाही.

हुकवाल्या व्हॅनने बंद गाडीची पुढची चाकं उचलायची आणि मागची रस्त्यावर पळवायची, हे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला ठीक. पण मागच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक गाडी तशी ओढली तर न्यूट्रलमध्ये असूनही गिअरबॉक्सची वाट लागते. इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद, आणि आतले भाग कोरडेच फिरत राहतात. एकदा रात्री भर पावसात मी घाईघाईत अशीच गाडी उचलली. काही किलोमीटर गेल्यावर जळका वास. शेजारी बसलेले मालक म्हणाले, "काहीतरी करपतंय का हो?" मी सांगितलं, आमच्या व्हॅनचा क्लच असेल. अजून आठवलं की लाज वाटते. फ्लॅटबेड असती तर हा प्रसंगच आला नसता.

विंचच्या, म्हणजे गाडी ओढून घेणाऱ्या चरखीच्या, तारेची मात्र मला कायम धास्ती. ताणलेली तार तुटली की चाबकासारखी उलटी येते. आमचे जुने ड्रायव्हर तारेच्या मधोमध ओलं गोणपाट टाकायचे आणि बघ्यांना शिव्या घालून लांब हाकलायचे.

बाकी बरेचसे कॉल उतरलेल्या बॅटरीचे. एका आजोबांच्या गाडीतलं तर नुसतं पेट्रोल संपलं होतं. पण ते शेवटपर्यंत कबूल करेनात, काटाच खोटं बोलतोय म्हणे!