भोपळ्यातली म्हातारी खोटारडी होती का?

खाजणकाठ:
तिसरीच्या वर्गात 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' सांगत होते. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ अडवतो. ती म्हणते, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होऊन येईन, मग मला खा. वाघ वाट सोडतो आणि परतताना बाई भोपळ्यात बसून पसार. गोष्ट संपली तसा एक मुलगा म्हणाला, "बाई, म्हातारीनं वाघाला फसवलं ना?" वर्ग हसला, मला मात्र उत्तर सुचेना.

त्याच आठवड्यात शेजारच्या वाडीत बिनकठड्याच्या विहिरीत रात्री बिबट्या पडला. वनखात्याची माणसं पिंजरा घेऊन येईस्तोवर गावाने चार दोर बांधून एक बाज आत सोडली. तो तिच्यावर चढून बसला, शेपटी पाण्यात. त्यावरून कविता झाली. वाघच बोलतोय. शेवट देते:

तुझा भोपळा गेला टुणुक टुणुक,
मी राहिलो तुझ्या शब्दापाशी उपाशी.
आज तुझ्याच बाजेवर बसलोय, पाण्यात.
काठावरून सगळं गाव वाकून बघतंय,
त्यात तू कुठली, म्हातारे?

गावच्या वाचनालयात वाचली. एक काका मधेच उठून गेले. तुमचं काय मत?

रातांबा:
काकांचं बरोबर आहे. मीही उठलो असतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या गोठ्यातून पाडा गेला. सकाळी आई दावं हातात धरून उभी, "वाघान पाडो व्हरलो" एवढंच म्हणाली. दाव्याच्या फासात चार तांबडे केस अडकले होते. मग पंचनामा, दाखला, अर्ज, हेलपाटे. आणि शब्द कसला हो? जिवावर बेतल्यावर माणूस काय वाट्टेल ते कबूल करतो. उद्या चोराने सुरा लावून "परवा पैसे आणून दे" म्हटलं तर तुम्ही नेऊन देणार का?

खाजणकाठ:
पाड्याचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण मी वाघाला निर्दोष म्हटलेलं नाही. उपाशी म्हटलंय.

रातांबा:
गाय तीन रात्री हंबरत होती. तिची कविता कोण करणार?

चिरेखाण:
दोन चुका. गोष्टीतला वाघ पट्टेरी, विहिरीतला बिबट्या. तुम्ही दोघांना एकाच कातड्यात घातलंत. पट्टेरी वाघासाठी २०१० मध्ये कोयना-चांदोलीचा मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, २०२० मध्ये दोडामार्गात तिलारीचं जंगल संवर्धन राखीव जाहीर झालं. त्याला जंगल लागतं. बिबट्याला काजूची बाग आणि वाडीतली कुत्री पुरतात, तो कुणाच्या शब्दाची वाट बघत बसत नाही. दुसरं, आमच्या आजीच्या गोष्टीत तर शेवटी म्हातारीला अडवणारा कोल्हा होता!

आंबोळी:
अहो चिरेखाण, आपल्याकडे बिबट्यालाच वाघ म्हणतात, आजीला विचारा.

माझी तक्रार वेगळी आहे. ही गोष्ट ठेक्यावर चालते. "म्हातारीकोतारी मला नाही ठाऊक" म्हणताना पोरं मांडीवर थाप मारतात, भोपळा उतारावरून उड्या मारत गेलेला त्यांना दिसतो. तिथे शब्द पाळला की मोडला हे कुणी बघत नाही. एवढासा जीव आडदांडाला चकवतो, त्याची ती मजा आहे. बाई, तुम्ही भोपळा फोडलात आणि आतून तात्पर्य काढलंत. 'शब्दापाशी उपाशी' ही ओळ तर भाषणातली वाटते. मात्र 'त्यात तू कुठली, म्हातारे?' वाचून मी थांबले. ती एकटी ठेवा, वरचं सगळं खोडा.

खाजणकाठ:
बाजेची ओळसुद्धा?

आंबोळी:
बाज राहू दे. ती तुम्ही बघितलेली आहे.

रातांबा:
बाज सोडली कुणी? गावानेच ना? ज्यांची कोंबडी, कुत्री जातात त्यांनीच. मग काठावरच्यांना कसला जाब विचारताय? हे कवितेत कुठेय?

खाजणकाठ:
हे मला सुचलंच नव्हतं. 'तुझ्याच बाजेवर' लिहिलं खरं, पण 'च' नुसता पडून राहिला.

पायवाट:
लहानपणी वाघबारशीला रानात गुराख्यांच्या पोरांनी मला वाघ केलं होतं. कांबळं पांघरायचं, 'हूं' करून धावून जायचं आणि मग बाकीचे पाठीस लागणार, असा खेळ. धावताना कांबळं काट्याला अडकून राहिलं. मी उघडाच पळत होतो, सगळ्यांना दिसत होतं की हा मीच आहे, तरी कारिटं पाठीत बसतच होती. घरी आजीने खोबरेल चोळलं आणि म्हणाली, "फुडच्या वर्साक वाघ होव नको."

रातांबा:
मग? पुढच्या वर्षी?

पायवाट:
पुढच्या वर्षी वाघ दुसरा होता. पहिलं कारीट मी मारलं.