निकल्स नुसता मित्रामुळे वाया गेला नाही
अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीच्या १९९५ च्या बॉम्बस्फोटातला साथीदार टेरी निकल्स हा स्फोट घडवणाऱ्या टिमोथी मॅकव्हेच्या नादाने बिघडला असं म्हणतात, पण मला ते अर्धंच पटतं. मिशिगनच्या शेतकरी घरातला हा माणूस, धड कशातच जम बसला नाही म्हणून १९८८ मध्ये तेहतिसाव्या वर्षी आर्मीत गेला आणि तिथे त्याला मॅकव्हे भेटला, पण क्रेडिट कार्डाची कर्जं फेडायची नाहीत म्हणून सरकारच मानत नाही असं कोर्टात सांगणं हे त्याचं स्वतःचंच होतं. बॉम्बसाठी खोट्या नावाने घेतलेल्या खताची पावती त्याच्याच घरात सापडली हो! ओक्लाहोमा सिटीत १६८ माणसं गेली, त्यात १९ लहान मुलं, आणि स्फोटाच्या दिवशी हा कॅन्ससमध्ये घरी होता म्हणून त्याला कमी दोषी मानणं मला जमतच नाही.