मदत हवी आहे: ब्रेक्झिटच्या बाजूने एक ठोस उदाहरण

इथे सोलापुरात कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत मुलीच्या वाट्याला ‘ब्रिटनने युरोपीय संघ सोडला ते योग्यच’ ही बाजू आली आहे. भाषण मराठीत, सहा मिनिटं, स्पर्धा परवा.

२०१६चं सार्वमत, ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के, हे पाठ आहे. ब्रिटन युरोपीय संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड देतं, हा ब्रेक्झिटवाल्यांच्या प्रचाराच्या बसवरचा आकडा गाळला. त्यात ब्रिटनला मिळणारी सूट वजाच केलेली नव्हती, प्रतिपक्ष तिथेच पकडेल. स्थलांतराचा मुद्दा तिला नको आहे. उत्तर आयर्लंडच्या सीमेची तयारी झाली आहे. उरलं सार्वभौमत्व: आपले कायदे कोणी करायचे?

त्याला उदाहरण सापडलं ते आठवड्याला ४८ तास कामाच्या मर्यादेचं. ती नको म्हणून ब्रिटन युरोपीय न्यायालयात गेलं आणि १९९६ साली हरलं. पण यंत्रमागावर बारा-बारा तास उभं राहणाऱ्यांच्या गावात हे सांगितलं तर अख्खं सभागृह युरोपच्याच बाजूचं व्हायचं! स्पॅनिश मासेमारी जहाजांचा खटलाही वाचला, पण तो समजावण्यातच दोन मिनिटं जातात.

ब्रिटनला मनाविरुद्ध युरोपचा नियम पाळावा लागला, असं दोन वाक्यांत पटणारं दुसरं एखादं खरं उदाहरण कोणाला माहीत आहे का?